आजीची पेटी, झोपाळ्याची फळी आणि 'कुठला डबा आणू?'

पत्र: ताई, नमस्कार. चिपळूणजवळचं आमचं घर मागच्या वर्षी विकलं, वाटण्या झाल्या आणि कुणालाच नको असलेल्या तीन वस्तू माझ्याकडे आल्या. झोपाळ्याची सागवानी फळी, पाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि चांगली जाड. आजीची फणसाची पेटी, जिला कधीतरी कुणीतरी हिरवा ऑईल पेंट फासलाय. आणि एक काठवट. पुण्यात टू बीएचके, घरात चार वर्षांचा मुलगा. नवरा म्हणतो विकून टाक. सासूबाई म्हणतात सनमायका लाव म्हणजे पुसायला बरं. मिस्त्री म्हणाले मशीनने घासून चकाचक करून देतो, नव्यासारखं दिसेल. मला लाकूड लाकडासारखं दिसायला हवंय, म्हणून क्लिअर कोट स्वतःच मारायचा विचार आहे. फळीचा बेंच आणि पेटीचं सेंटर टेबल. कुठला डबा आणू ते सांगा, एकच आणेन, तिन्हीला पुरेल. पेटीच्या झाकणाला आतून आजीने जांभळट पेन्सिलीने दुधाचा हिशोब लिहिलाय, तो घासून काढायचा का? मुलगा जूनमध्ये दोन आठवडे माझ्या आईकडे असणार आहे, तेवढ्यात उरकायचंय.
(चिपळूणची, सध्या कोथरूड)

उत्तर:

अगं, सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सनमायका त्यांच्या किचनच्या ओट्याखाली लावायला सांग, पेटीला नको. आणि तुलाही एक सांगते, रागावू नकोस. तू डब्यापासून सुरुवात केलीस ना, तिथेच गडबड आहे. सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली होती, आणि मग दुकानदार जो डबा पुढे सरकवेल तो घेऊन घरी येतो. फळीवर माणसं बसणार, पेटीत गोधड्या राहणार आणि वर दुधाचे कप आपटणार, काठवटीत पीठ मळलं जाणार. तिघांना एकच डबा कसा चालेल? तरी तुझा खर्च वाचवते, एक डबा आणि एक पुडी एवढ्यात दोन वस्तू होतील, तिसरीला दोन्हीतलं काहीच लावायचं नाही.

आधी क्लिअर कोट म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसू दे. रंग लपवतो, सनमायका लपवतो, क्लिअर कोट काहीही लपवत नाही, उलट आहे ते मोठं करून दाखवतो. भरलेली लांबी (पुटी), आडवा मारलेला काचपेपर, फेविकॉलचा ओघळ, सगळं दिसतं. एक सोप्पी परीक्षा आहे. फडकं ओलं करून पिळून घे आणि लाकडावरून फिरव. ते ओलं लाकूड जसं दिसेल ना, साधारण तसंच ते क्लिअर कोटखाली कायमचं दिसणार. डाग काळाकुट्ट उठला, घासल्याच्या रेघा उमटल्या, तर अजून डबा उघडायची वेळ झालेली नाही. मी तर दर टप्प्याला हे करते, दहा सेकंदाचं काम आहे आणि दहा तासांचा मनस्ताप वाचतो.

आता जूनचं. नको. म्हणजे मुलगा नसताना जे करायचं ते करू, पण शेवटचा हात जूनमध्ये नको. मी हे अनुभवावरून सांगतेय. वडिलांचं लिहायचं टेबल होतं, शिसवी, मी हौसेने जुलैत मेलामाइन (थिनरमधलं पारदर्शक पॉलिश) मारायला घेतलं कारण गॅलरीत ऊन पडलं होतं आणि मला वाटलं बास, आजचा दिवस आपला. संध्याकाळपर्यंत सगळ्या टेबलावर दुधी साय आल्यासारखं झालं, जणू कुणी पिठाचा हात फिरवलाय. होतं असं की थिनर भराभर उडून जातं, ते उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत ओल असेल तर ती त्या गार थरावर बसून आत अडकते. कारागीर लोक सरळ 'पॉलिश पांढरं पडलं' म्हणतात आणि पावसाळ्यात हे काम घेतच नाहीत. मी मात्र शहाणी. ते सगळं परत खरवडायला मला दिवाळी लागली, आणि भाऊ अजून दर वर्षी विचारतो की टेबल बरं झालं का.

पाण्यावरचा पीयू (पॉलियुरेथेनचा क्लिअर कोट, ज्यात थिनरऐवजी पाणी असतं) असा पांढरा पडत नाही हे खरं, पण दमट हवेत तोही रेंगाळतो, चिकट राहतो, आणि त्या चिकटपणावर आख्ख्या कोथरूडची धूळ येऊन बसते. तेव्हा जूनमध्ये खरवडणं, धुणं, दुरुस्ती. लाकूड तसंच राहू दे घरात, उघडं. आणि कोट दसऱ्यानंतर, ऑक्टोबर हीट सरली की सकाळच्या वेळात, पंखा बंद करून. तू म्हणशील एवढे चार महिने ही अडगळ हॉलमध्ये ठेवू? हो, ठेव. त्याला अजून एक कारण आहे.

ती फळी कित्येक वर्षं कोकणातल्या दमट हवेत राहिलीय. पुण्याची हवा कोरडी, विशेषतः दिवाळीनंतर. लाकूड मेलं तरी श्वास घेतं असं जुने सुतार म्हणतात, त्यात तथ्य आहे, ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर रुंदीत फुगतं-आकसतं (लांबीत जवळपास काहीच नाही). आल्या आल्या पाय ठोकून, वरून कोट मारून मोकळी झालीस तर डिसेंबरात एक दिवस 'टक्' असा आवाज येईल आणि मधोमध चीर. म्हणून ती भिंतीला टेकवून नाही, खाली दोन रिपा ठेवून आडवी ठेव, वरून खालून हवा खेळू दे, आणि उन्हात मुळीच ठेवू नकोस.

फळीवर आत्ता काय आहे ते आधी शोध. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून धर. चिकट झालं, बोळा तपकिरी आला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश आहे, सगळं स्पिरिटने पुसून निघेल, घासायची मेहनतच नाही. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरला विरघळलं तर लॅकर, म्हणजे थिनरमधलं पॉलिश. दोन्हीला हललं नाही तर काहीतरी कडक आहे, मग काचपेपरच. आणि बऱ्याचदा कोकणातल्या झोपाळ्यांवर काहीच नसतं बरं का, नुसतं वर्षानुवर्षं बसून आणि कुणीतरी गणपतीच्या आधी बेलतेलाचा (उकळलेल्या जवस तेलाचा) हात फिरवून आलेली तकाकी असते. तसं असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पूस, दोन दिवस वाळव, आणि मग बघ, कदाचित तुझं अर्धं काम तिथेच झालेलं असेल.

मिस्त्रींच्या मशीनबद्दल. मशीन वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण त्या फळीची पुढची कड बघितलीस का, जिथे गुडघ्याची मागची बाजू टेकते ती? ती गोलसर झाली असेल. ती कुठल्या रंध्याने झालेली नाही, तुमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पायांनी झालीय. पट्ट्याचं मशीन त्यावरून दोनदा फिरलं की कड सरळ, सपाट, नव्यासारखी, आणि मग तुझ्या फळीत आणि वखारीतून आणलेल्या फळीत काही फरकच राहणार नाही! मग नवीनच आणायची होती. मिस्त्री वाईट नाहीत, त्यांना गिऱ्हाईक 'नव्यासारखं' करूनच मागतं. तू हाताने घास. लाकडाच्या ठोकळ्याला काचपेपर गुंडाळून, कायम रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही. अगदी खडबडीत असेल तरच 80 नंबर, नाहीतर 120 ने सुरू, मग 180, मग 220. मधला नंबर गाळायचा मोह होतो, गाळू नकोस, 120 चे ओरखडे 220 ने निघत नाहीत, नुसते चकचकीत होतात. आणि मास्क लाव, चांगला, धुळीचा. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, काहींना तर पुरळ उठतं.

कड्या ज्या भोकांतून जायच्या त्यांच्याभोवती काळे डाग असतील. ती घाण नाही. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की काळी शाई तयार होते, पूर्वी शाई अशीच करायचे. कितीही घास, ते खोल गेलेलं असतं. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून लावलं तर ते डाग फिके होतात, हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानात पांढरी पावडर मिळते, पण ते विषारी आहे, ग्लोव्ह्ज, मास्क, मुलगा घरात नसताना, आणि नंतर पाण्याने दोन-तीनदा नीट धुवून काढायचं, कारण ते लाकडात राहून वाळलं तर पुढे घासताना त्याची धूळ नाकात जाते. मला विचारशील तर डाग राहू दे. बेंचवर बसणारा प्रत्येक जण विचारेल की ही चार भोकं आणि हे काळं कशाचं, आणि मग तुला झोपाळ्याची गोष्ट सांगता येईल. फक्त भोकं तेवढी बुजवू नकोस कृपा करून. आणि याच काळ्या डागांच्या कारणाने स्टीलची घासणी या लाकडाला लावू नकोस, तिचे बारीक कण रेषांत अडकतात आणि पाण्यावरच्या कोटखाली गंजून काळे-तांबूस ठिपके येतात.

आता पुडी. पुडी म्हणजे चपडा. लाख माहीतच आहे, पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात, ती गाळून पातळ पापड्या केल्या की चपडा. फ्रेंच पॉलिश नाव ऐकून लोकांना काहीतरी परदेशी वाटतं, आत असतो तो हाच, आपल्याकडच्या झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातला. एक लिटर स्पिरिटला 200 ते 250 ग्रॅम या हिशोबाने, तुला अर्धा लिटर पुष्कळ झालं, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घाल. लोखंडी डब्यात नको, काळपट होतो. पण साध्या चपड्यात थोडं मेण असतं, आणि त्या मेणावर पीयू नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे निघतात. म्हणून दुकानात 'डीवॅक्स्ड' म्हणून माग. नाही मिळाला तर साधा भिजवून बरणी दोन-तीन दिवस हलवू नकोस, मेण गढूळ होऊन तळाशी बसतं, वरचं निवळ तेवढं हळूच ओतून घे. ताकाची निवळ काढतो तसं. आणि लागेल तेवढाच भिजव, सहा-आठ महिने पडलेला चपडा वाळतच नाही, चिकटच राहतो, मग लोक लाकडाला दोष देतात.

हा चपडा फळीवर फक्त पहिला एक पातळ हात. का, तर साग तेलकट असतो, म्हणून तर तो टिकतो, पण त्या तेलामुळे वरचा कोट कधी वाळायला वेळ घेतो, कधी धरत नाही. तेव्हा थिनरने फळी एकदा पुसायची, ती वाळली की लगेच त्याच दिवशी चपड्याचा हात. दुसरं म्हणजे पाण्यावरचा पीयू सागावर थोडा थंड दिसतो, फिका, ऑफिसातल्या फर्निचरसारखा, चपड्यामुळे खालून तो मधाळ रंग येतो. नुसता चपडाच का नाही? कारण चपडा घामाने आणि उष्णतेने नरम पडतो. मे महिन्यात शॉर्ट्स घालून कुणी बसलं की मांड्या चिकटतील आणि गरम चहाचा कप ठेवला की पांढरी चकती.

मग डबा. पाण्यावरचा पीयू, क्लिअर, मॅट. ब्रँड मी सांगत नाही, चांगल्या दोन-तीन कंपन्यांचे सगळीकडे मिळतात, डब्यावर 'इंटिरियर' आणि 'वॉटर बेस्ड' बघ. सॉल्व्हंटचा दोन डब्यांचा पीयू, ज्यात हार्डनर मिसळतात, तो जास्त कडक होतो हे मान्य, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याच्या वाफेने दमा होऊ शकतो, ते फ्लॅटमध्ये बसून करायचं काम नाही, ते वर्कशॉपात करणाऱ्यांनी करावं. आणि मॅट का? ग्लॉसवर खिडकीचा उजेड पडला की प्रत्येक खळगा ओरडून सांगतो मी इथे आहे. जुन्या लाकडाला मॅट शोभतं, हे माझं मत, सासूबाईंचं वेगळं असेल.

डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे, ते ब्रशमधून लाकडावर. पण ढवळायचा मात्र तळापासून, कारण मॅट करणारी पावडर खाली बसलेली असते, नाही ढवळलं तर पहिला कोट चकचकीत आणि डबा संपता संपता खडूसारखा, असा दोन रंगी बेंच मी एका मैत्रिणीकडे बघितलाय. चपड्याचा हात वाळला की 320 ने अगदी हलकं, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं. मग पीयूचा पहिला कोट, डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घालून. तो वाळला की परत 320, ओल्या फडक्याने धूळ टिप, दुसरा. बसायच्या बाजूला तिसरा. आणि खालची बाजू विसरायची नाही! सगळे विसरतात कारण ती दिसत नाही. वरून बंद आणि खालून उघडी फळी एका बाजूनेच ओल पिते आणि पन्हळीसारखी वाकते. हाताला वाळलं म्हणजे वाळलं असं नाही हां, पूर्ण कडक व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर त्यावर गादी, प्लास्टिक, जड कुंडी काही नको.

पाय बसवताना मिस्त्रींना एवढंच सांग की आडव्या लोखंडी पट्टीतली भोकं गोल नकोत, लांबट हवीत, म्हणजे फळी फुगली-आकसली तरी स्क्रू सरकेल. आणि फळी कापू देऊ नकोस. कधी पुढेमागे तुझ्याकडे अंगण आलं, किंवा स्टॅन्डचा झोपाळा घेतलास, तर कड्या परत त्याच भोकांत जातील.

आता पेटी, आणि इथे मी जरा आवाज चढवणार आहे. तो हिरवा रंग. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या जुन्या ऑईल पेंटमध्ये, विशेषतः हिरव्या-पिवळ्या-लाल, शिसं असण्याची शक्यता भरपूर, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. चार वर्षांचं पोर जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं. त्यामुळे तो रंग कोरडा घासायचा नाही. मशीनने तर अजिबातच नाही, ती धूळ पडद्यांत, गाद्यांत, सगळीकडे जाऊन बसते. म्हणून म्हटलं, मुलगा नसताना जूनमध्ये करायचं काम हेच. पेंट रिमूव्हर लावायचा, रंग फुगून सुरकुतला की पत्र्याच्या बोथट पट्टीने ओला-ओलाच खरवडायचा, खाली जाड प्लास्टिक, आणि ते सगळं गुंडाळून पिशवीत बंद करून वेगळं टाकायचं. काम गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, हवा खेळती असेल तिथे, पाऊस नसेल तेव्हा. बाथरूममध्ये दार लावून मुळीच नाही, त्या रिमूव्हरच्या वाफेने माणसं दगावली आहेत. झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि तू अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. एवढं सगळं ऐकून नको वाटलं तर दुसरा मार्गही चांगला आहे, रंग जिथे घट्ट आहे तिथे तसाच ठेवायचा, ओल्या फडक्याने स्वच्छ करायचा आणि वरून क्लिअर कोट मारून बंद करायचा. हिरवी पेटी काही वाईट दिसत नाही गं. पण पोपडे निघत असतील तर मात्र हे चालणार नाही, रंग काढावाच लागेल.

काढलास तर घाबरू नकोस, खालून हळदीसारखं पिवळं लाकूड येईल. फणस ताजा उघडला की असाच असतो, मग उजेडात महिन्या-महिन्याने गडद होत जातो, सोनेरी, मग तपकिरी. लोक ते पिवळं बघून घाईघाईने वॉलनट स्टेन मारतात आणि वर्षाने पेटी काळी ठिक्कर पडते. स्टेन नको. वाट बघ. पाऊसभर खिडकीजवळ उघडी ठेवलीस तर दसऱ्यापर्यंत तिचा रंग बराच गडद झालेला असेल, फक्त वर काही ठेवू नकोस, ठेवलेल्या वस्तूचा पिवळा ठसा राहतो.

पितळी पट्ट्या आणि कोयंडा चिंच-मिठाने घासायचा मोह होईल. पेटीवर असताना नको, ते पाणी लाकडात उतरतं आणि कडेने डाग पडतो. खिळे निघत असतील तर काढून घास, नाही निघाले तर कोरड्या फडक्याने जेवढं उजळेल तेवढं पुरे. खिळे उपटताना लाकूड फाटतं असं वाटलं तर थांब, थोडं काळं पितळ बिघडवत काही नाही. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, आधी सिरिंजने एकेका भोकात औषध आणि ते वाळेपर्यंत बाकी काही नाही, नाहीतर तू वरून सुंदर काच लावशील आणि आत त्यांची पंगत चालू राहील.

पेटीच्या बाहेरून फळीसारखंच, चपड्याचा एक हात आणि त्याच डब्यातले दोन-तीन कोट. वर काच ठेवणार असशील तर खाली सिलिकॉनच्या बारीक टिकल्या लाव, काच थेट ठेवली की चिकटते. पेटीच्या आत मात्र पीयूही नको आणि तेल तर त्याहून नको. बंद जागेत तेलाचा वास वर्षानुवर्षं जात नाही, गोधड्यांना लागतो. आत नुसता चपडा, दोन पातळ हात, स्पिरिट उडून गेलं की वास संपला, आणि जुना कुबट वासही तो बराचसा दाबून टाकतो.

काठवट. तिला काही लावू नकोस. पीयू वाळल्यावर तसा निरुपद्रवी मानतात, पण तू तिच्यात मळणार, उलथन्याने खरवडणार, धुणार, तो कोट सोलणार आणि भाकरीत जाणार. बेलतेल तर मुळीच नाही, दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. (आणि इतर कुठे बेलतेल वापरलंस तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, खरंच. पाण्यात भिजव किंवा पसरून वाळव.) काठवटीला कोमट पाणी, मीठ लावून लिंबाची फोड घास, सावलीत उभी वाळव, आणि मग मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आण. हो, तेच पोट साफ व्हायचं, केमिस्ट जरा विचित्र बघेल. ते खवट होत नाही. हाताने चोळ, रात्रभर मुरू दे, सकाळी पुसून घे, दर दोन-तीन महिन्यांनी परत. आणि भाकऱ्या कर तिच्यात, शोकेसमध्ये ठेवू नकोस, न वापरलेली काठवट तडकते.

राहता राहिला दुधाचा हिशोब. जांभळट म्हणालीस म्हणून मी दचकले. ती साधी शिसपेन्सिल नसणार, पूर्वी कॉपिंग पेन्सिल मिळायची, जिभेला लावून लिहायची, तिच्यात रंग असतो आणि तो पाण्यात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणजे तू प्रेमाने त्यावर चपड्याचा हात फिरवलास तर एका फटकाऱ्यात सगळं दूध जांभळं होऊन वाहून जाईल. ओलं फडकंही नको, वर सांगितलेली परीक्षासुद्धा तिथे नको. रंग काढताना झाकणाच्या आतल्या बाजूला आधी कोरडा कागद आणि त्यावर प्लास्टिक चिकटपट्टीने लाव, चिकटपट्टी अक्षरांपासून चांगली लांब, चारी कडांना. आतून चपडा मारताना झाकण सोडून दे. पूर्ण. तेवढी एक बाजू कोरीच राहू दे, तिला काही होत नाही, इतकी वर्षं नाही झालं. आधी दिवसाच्या उजेडात मोबाईलवर नीट फोटो काढून ठेव, आणि आईला फोन करून विचार की त्यातलं 'अदपाव जास्त' कुणासाठी यायचं. असं काहीतरी लिहिलेलं असणारच, सगळ्यांच्या दुधाच्या हिशोबात असतं.

फोटो मलाही पाठव, दसऱ्यानंतर पेटीचाही.